बंदुकीवरचा लाल ठिपका: तो काय करतो, आणि दहा मीटरला आम्ही तो का वापरत नाही

राधानगरी रोड

१ ऑगस्ट २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ घेतलं, तेव्हापासून आमच्याकडे रेंजवर चौकशीला येणाऱ्यांची रीघ लागली आहे. याचा मला मनापासून आनंद आहे. येणाऱ्या बहुतेक मुलांनी बंदूक पाहिलेली असते ती मोबाइल गेममध्ये, आणि तिच्यावर लाल ठिपक्याची साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, असते. त्यामुळे "मॅडम, आपल्या रायफलवर ती का नाही?" हा प्रश्न ठरलेला. काही पालक तर थेट म्हणतात, केवढ्याला मिळते सांगा, आणून देतो. उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अपुरं राहतं, म्हणून इथे नीट लिहिते.

उघड्या साइटने नेम धरताना मागची खाच, पुढची माशी आणि टार्गेट या तिन्ही गोष्टी एका रेषेत आणायच्या असतात. त्या तिन्ही वेगवेगळ्या अंतरावर असतात आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर फोकस करू शकतो. म्हणून पिस्तुलाच्या मुलांकडून आम्ही पहिल्या दिवसापासून घोकून घेतो: माशी स्वच्छ दिसली पाहिजे, टार्गेट धूसर राहू दे. ज्याला मारायचं तेच धूसर बघायचं, हे अंगवळणी पडायला महिने जातात.

हा हट्ट कशासाठी, ते आकड्यात सांगते. पिस्तुलाच्या दोन साइटमधलं अंतर ३५ सेंटिमीटर धरा. पिस्तूल आहे तसंच १ मिलिमीटर बाजूला सरकलं, तर १० मीटरवर पेलेट, म्हणजे एअर गनची छोटी गोळी, १ मिलिमीटरच सरकतं. पण माशी खाचेत १ मिलिमीटर बाजूला गेली, म्हणजे पिस्तूल कोनात वळलं, तर पेलेट जवळजवळ २९ मिलिमीटर लांब पडतं. एअर पिस्तुलात तेवढ्यात दहाचे सात होतात. हात हलला तर फारसं बिघडत नाही, मनगट वळलं की सगळं जातं. आणि हा कोनातला फरक उघड्या साइटवर इतका बारीक दिसतो की नवख्याला कळतच नाही.

लाल ठिपका, म्हणजे रेड डॉट, नेमकी ही अडचण सोडवतो. साइटच्या आत एक छोटा एलईडी असतो. त्याचा प्रकाश समोरच्या तिरप्या, किंचित अंतर्वक्र काचेवर पडतो. त्या काचेवरचा लेप लाल प्रकाश परत फेकतो आणि बाकीचा आरपार जाऊ देतो. एलईडी काचेच्या बरोबर नाभीवर बसवलेला असल्यामुळे परतणारे किरण समांतर होऊन डोळ्यात येतात. समांतर किरण म्हणजे डोळ्याच्या लेखी फार लांबची वस्तू. त्यामुळे ठिपका आपल्याला काचेवर न दिसता लांब, टार्गेटच्या पातळीवर दिसतो. एकाच फोकसमध्ये टार्गेटही स्पष्ट आणि ठिपकाही. खाच नाही, माशी नाही, दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात.

होलोग्राफिक साइटचं काम वेगळं. तिच्यात एलईडीच्या जागी लेझर असतो आणि आरशाच्या जागी काचेत नोंदवलेला होलोग्राम. लेझर पडला की त्या होलोग्राममधून वर्तुळ आणि मधला बिंदू उभा राहतो. काच अर्धी चिखलाने भरली किंवा तडकली तरी उरलेल्या भागातून पूर्ण आकृती दिसते, कारण होलोग्रामच्या प्रत्येक तुकड्यात सगळ्या चित्राची माहिती असते. लेझर वीज जास्त खातो, म्हणून तिची बॅटरी काही शे तासांपासून हजार तासांपर्यंत जाते. चांगल्या एलईडी साइट एका छोट्या सेलवर ५०,००० तास चालतात.

आता आमच्या खेळाकडे येते. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा आकडा म्हणजे ०.५ मिलिमीटरचा एक ठिपका. पेलेट स्वतः ४.५ मिलिमीटरचं. त्यात गुण दशांशात मोजतात, १०.० ते १०.९. रेड डॉटचा ठिपका साधारण २ एमओए असतो. एमओए हे कोनाचं माप आहे, १ एमओए म्हणजे १०० मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर. हिशोब करा: २ एमओएचा ठिपका १० मीटरवर ५.८ मिलिमीटर जागा झाकतो. दहाच्या ठिपक्याच्या अकरा पटींहून मोठा! ज्याच्यावर नेम धरायचा त्याच्यावरच झाकण.

आमच्या पीप साइटमध्ये मागे १ ते १.३ मिलिमीटरचं छिद्र असतं आणि पुढे एक कडी. छिद्र इतकं बारीक की कडी आणि टार्गेट दोन्ही एकदम पुरेशी स्पष्ट दिसतात. म्हणजे फोकसची अडचण इथे बॅटरीशिवाय सुटलेली आहे. कडीच्या आत ३०.५ मिलिमीटरचा काळा गोल आणला की भोवतीची पांढरी रिंग सगळीकडून सारखी आहे की नाही, एवढंच पाहायचं. दोन गोल एकमेकांच्या मध्यावर आहेत की नाहीत हे ओळखण्यात माणसाचा डोळा विलक्षण तरबेज आहे. रायफलचं नेम धरणं या एका गुणावर उभं आहे.

शिवाय नियम. आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, पिस्तूल प्रकारांत उघड्या साइटच चालतात. ऑप्टिकल, आरशाची, लेझरची, इलेक्ट्रॉनिक ठिपक्याची, सगळ्यांना बंदी. रायफलवर दुर्बीण चालत नाही. पण नियम बाजूला ठेवला तरी माझं उत्तर तेच आहे. लाल ठिपका वेगासाठी जन्माला आला आहे. बारकाईचं काम वेगळं आहे आणि त्याला आमची पीप पुरून उरते.

प्रश्न विचारा, वेळ मिळेल तशी उत्तरं देईन.

वाई टू वाशी

माहितीपूर्ण धागा. वाचनखूण साठवली. ते ५.८ मिलिमीटरचं गणित वाचून पहिल्यांदा लक्षात आलं की ०.५ मिलिमीटर म्हणजे काय चीज आहे.

शंकासुर

छान लिहिलंय. एक मूलभूत शंका: ठिपका जिथे दिसतो तिथेच गोळी जाते का? साइट नळीच्या वर असते, मग दोन रेषा एकमेकींना मिळणार कुठे?

राधानगरी रोड

@शंकासुर, चांगला प्रश्न. साइट आणि नळी या दोन वेगळ्या रेषा. गोळी सुटल्यापासून गुरुत्वाने खाली येत असते, म्हणून नळी साइटच्या रेषेपेक्षा किंचित वर रोखलेली असते. तुम्ही एक अंतर ठरवता, तिथे एकाच नेमावर काही गोळ्या, म्हणजे ग्रुप, मारता, आणि ग्रुपचा मध्य ठिपक्यावर येईपर्यंत साइटचे स्क्रू क्लिक-क्लिक फिरवता. याला झिरो करणं म्हणतात. त्या अंतरावर बरोबर, अलीकडे-पलीकडे थोडा फरक. साइट नळीच्या ६-७ सेंटिमीटर वर असेल, तर अगदी जवळच्या टार्गेटवर गोळी जवळजवळ तेवढीच खाली लागते. हे माहीत नसलेला माणूस बंदुकीला दोष देत बसतो.

आणि झिरो करताना एका गोळीवरून स्क्रू फिरवू नये. निदान पाच गोळ्यांचा ग्रुप घ्यावा, मगच हात लावावा.

अपवर्तन

ताई, उत्तम लेख. मी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे या यंत्राबद्दल जिव्हाळा आहे. थोडी भर घालतो.

या कल्पनेचा जनक हॉवर्ड ग्रब, डब्लिनचा दुर्बिणी बनवणारा. त्याने १९०० साली परावर्तक साइटचं पेटंट घेतलं. तेव्हा एलईडी नव्हता, साध्या उजेडावर काम होतं. ग्रबचं आपल्याकडेही नातं आहे: पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये (आजचं सीओईपी) कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी १८८८ मध्ये उभारलेल्या तख्तसिंगजी वेधशाळेत त्याच्याच कारखान्याची दुर्बीण होती. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि साहित्य कोडाईकनालला गेलं.

ग्रबची कल्पना आधी विमानांनी उचलली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मन लढाऊ विमानांवर अशा साइट आल्या, दुसऱ्या महायुद्धात तर त्या सर्रास झाल्या. मग ब्रिटिशांनी त्यात जायरोस्कोप घातला. वैमानिक वळण घेत शत्रूचा पाठलाग करतो, तेव्हा गोळी शत्रूच्या किती पुढे मारायची याचा अंदाज तो जायरो घ्यायचा आणि ठिपका आपोआप सरकवायचा. आज लढाऊ विमानाच्या वैमानिकासमोर काचेवर वेग, उंची, लक्ष्य दिसतं, तो हेड-अप डिस्प्ले म्हणजे याच वंशातला. आपल्या तेजसचा हेड-अप डिस्प्ले चंडीगडच्या सीएसआयओने, म्हणजे केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेने, विकसित केला.

आता एक तांत्रिक मुद्दा, कारण जाहिरातींत 'पॅरॅलॅक्स-मुक्त' (म्हणजे डोळा हलला तरी नेम चुकत नाही) असं छापलेलं असतं आणि लोक त्याचा अर्थ चुकीचा लावतात. समजा साइट अगदी निर्दोष आहे, किरण अचूक समांतर आहेत. तुमचा डोळा मध्यापासून ५ मिलिमीटर बाजूला गेला, तर तुमची नजरेची रेषा मूळ रेषेला समांतर, पण ५ मिलिमीटर बाजूने जाते. म्हणजे चूक ५ मिलिमीटर. १०० मीटरवर माणसाएवढ्या लक्ष्यासाठी ती नगण्य आहे. १० मीटरवर ०.५ मिलिमीटरच्या दहासाठी? ताईंच्या पीपमध्ये छिद्रच १ मिलिमीटरचं, डोळा भरकटायला जागाच नाही. त्यामुळे ठिपक्याच्या आकाराचा प्रश्न एखाद्याने बारीक ठिपका बनवून सोडवला, तरी हा प्रश्न उरतो.

राधानगरी रोड

@अपवर्तन सर, हे फार मोलाचं लिहिलंत. गाल चीकपीसवर, म्हणजे रायफलच्या गाल टेकायच्या भागावर, दर वेळी त्याच जागी टेकला पाहिजे, हे मी मुलांना सांगून थकते. आता तुमचा हा परिच्छेद छापून रेंजवर लावणार आहे.

चष्मेवाला

माझी वेगळीच व्यथा. वय ५२. मेहुण्याकडे अमेरिकेत गेलो होतो तेव्हा त्याने रेंजवर नेलं. त्याच्या पिस्तुलावर रेड डॉट होता. त्याला गोल ठिपका दिसत होता, मला स्वल्पविरामासारखं काहीतरी, शेपटी असलेलं. मेहुणा म्हणाला साइट ठीक आहे, डोळे तपासून घे. खरंच डोळ्यांचा दोष असू शकतो?

नेत्रपटल

@चष्मेवाला, हो, आणि हा दोष फार सर्रास आढळतो. अॅस्टिग्मॅटिझम, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची (कॉर्नियाची) वक्रता सगळ्या दिशांना सारखी नसणं. तेजस्वी बिंदू अशा डोळ्याला चांदणीसारखा, फाटलेला किंवा दोन-तीन ठिपक्यांचा पुंजका दिसतो. रस्त्यावरच्या दिव्यांना रात्री रेषा फुटलेल्या दिसतात का? दिसत असतील तर शक्यता आणखी वाढते.

तपासायचा सोपा मार्ग: बंदूक रिकामी आहे याची खात्री करून साइट उतरवा, तिच्यातून मोबाइलचा कॅमेरा लावून बघा. स्क्रीनवर ठिपका गोल दिसला तर साइट निर्दोष, डोळा बघायला हवा. सिलिंड्रिकल नंबरचा चष्मा असेल तर तो घालून पुन्हा बघा. ठिपक्याचा उजेड कमी केल्यानेही फरक पडतो, कारण बाहुली आणि चकाकी दोन्हीचा परिणाम होतो. होलोग्राफिक साइटमध्ये काहींना त्रास कमी वाटतो.

चाळिशीनंतरच्या लोकांसाठी मात्र रेड डॉट वरदान आहे. जवळचं दिसणं कमी झालं की हातभर अंतरावरची माशी धूसर होते, आणि वाचायच्या चष्म्याने टार्गेट जातं. ठिपका लांबच्या फोकसवर असल्यामुळे लांबच्या चष्म्यानेच काम होतं.

चष्मेवाला

मोबाइलची युक्ती आजच मेहुण्याला कळवतो. रस्त्यावरच्या दिव्यांचं तुम्ही म्हणता तसंच आहे. उद्याच तपासणीची वेळ घेतो. मनापासून आभार.

ऑस्टिनकर

टेक्सासमधून लिहितोय. इथे प्रॅक्टिकल शूटिंगच्या स्पर्धा खेळतो. पळत पळत, आडोशामागून, वेगवेगळ्या अंतरावरची कागदी आणि लोखंडी टार्गेट मारायची, आणि गुणांना लागलेल्या वेळेने भागायचं. इथे रेड डॉटने खेळ बदलून टाकला. आधी तो फक्त ओपन डिव्हिजनच्या महागड्या पिस्तुलांवर असायचा, नंतर साध्या पिस्तुलासाठी कॅरी ऑप्टिक्स नावाची वेगळी डिव्हिजनच आली आणि आज तिथे गर्दी आहे.

पण कुणाला वाटत असेल की ठिपका लावला की लगेच जमतं, तर तसं नाही. उघड्या साइटवर पिस्तूल थोडं वाकडं आलं तरी माशी कुठे आहे ते दिसतं, दुरुस्त करता येतं. रेड डॉटमध्ये पिस्तूल थोडं वाकडं आलं तर खिडकीत ठिपका दिसतच नाही! नवखा माणूस पिस्तूल हवेत फिरवत ठिपका शोधत बसतो. उपाय एकच, घरी रिकाम्या पिस्तुलाने रोज ड्रॉचा, म्हणजे पिस्तूल म्यानातून काढण्याचा, सराव, नजर टार्गेटवर ठेवून पिस्तूल नजरेसमोर आणायचं.

दुसरं म्हणजे थरथर. ठिपका तुमचा प्रत्येक थरकाप दाखवतो. तो आधीही होताच, दिसत नव्हता. लोक घाबरतात आणि ठिपका मध्यावरून जातोय त्या क्षणी ट्रिगर झटकतात. तिथेच शॉट जातो. थरथर मान्य करून ट्रिगर सरळ मागे दाबत राहायचं, हे शिकायला मला दोन सीझन लागले.

राधानगरी रोड

@ऑस्टिनकर, शेवटचा परिच्छेद पिस्तूल, रायफल, उघडी साइट, पीप, सगळ्यांना लागू. होल्ड, म्हणजे नेम धरून ठेवणं, कधीच पूर्ण स्थिर नसतो, जगज्जेत्याचाही नसतो.

निवृत्त पायदळ

नमस्कार. फौजेतला अनुभव असल्याने दोन शब्द.

फौजेत अचूकतेइतकाच भरवसा महत्त्वाचा. आमच्या काळात इन्सास रायफलवर लोखंडी साइट होती आणि तिच्यावरच जवान तयार व्हायचा. पुढे स्पेशल फोर्सेसकडे इस्रायली टॅव्हॉर रायफल आली, तिच्यावर मार्स नावाची रेड डॉट आणि लेझर एकत्र असलेली साइट होती. रात्री, इमारतीत, अरुंद जागेत तिचा फायदा निर्विवाद. अंधारात माशी शोधायला वेळ कुठे असतो?

पण तीन गोष्टी नवीन पोरांना कायम सांगायचो. पहिली, थंडीत बॅटरी लवकर बसते. अल्कलाइन तर फारच, लिथियम त्या मानाने टिकते. सुटा सेल अंगाशी, आतल्या खिशात ठेवायचा. दुसरी, ज्या साइटचा एलईडी उघड्यावर असतो तिच्यात पावसाचा थेंब, बर्फ, चिखल एलईडीवर बसला की ठिपका विस्कटतो नाहीतर गायब होतो. बंद नळीच्या साइटला हा त्रास नाही. तिसरी, लोखंडी साइट काढून टाकायची नाही. ती घडी करून ठेवा, पण ठेवा. काच बंद पडली तरी तिच्यातून लोखंडी साइट दिसली पाहिजे.

युद्धात इलेक्ट्रॉनिक साइटवर सगळी फौज जायला वेळ लागला. अमेरिकनांनी नोव्हेंबर १९७० मध्ये व्हिएतनाममधल्या सोन तायच्या कैदी छावणीवर छापा घातला, तेव्हा रात्रीच्या नेमासाठी त्यांनी बाजारात मिळणारी सिंगलपॉइंट ही साइट घेतली होती. तिच्यातून आरपार दिसत नसे. एका डोळ्याला ठिपका, दुसऱ्या डोळ्याला लक्ष्य, आणि मेंदू दोन्ही जुळवायचा. १९७५ मध्ये स्वीडनच्या एमपॉइंटने पहिली इलेक्ट्रॉनिक रेड डॉट बाजारात आणली, पण अमेरिकन लष्कराने त्यांची साइट सरसकट घ्यायला १९९७ उजाडलं. फौजेत नवी वस्तू अशीच येते, आधी छोट्या तुकड्यांत, मग सगळीकडे.

ऑस्टिनकर

@निवृत्त पायदळ काका, तुमच्या भरवशाच्या मुद्द्याला इथलं एक मोठं उदाहरण जोडतो. होलोग्राफिक साइट बनवणाऱ्या ईओटेकची मालक कंपनी एल-३ हिने नोव्हेंबर २०१५ मध्ये अमेरिकी सरकारशी २.५६ कोटी डॉलर्सची तडजोड केली. आरोप असा होता की कडक थंडीत आणि दमट हवेत या साइट सांगितल्याप्रमाणे काम करत नाहीत, तापमान बदललं की नेमाचा बिंदू सरकतो, हे माहीत असूनही सरकारला वेळेत कळवलं नाही. ज्या सैनिकाने उन्हाळ्यात झिरो केली आणि बर्फात गेला, त्याच्या जिवाचा प्रश्न होता. काचेवर विश्वास ठेवण्याआधी ती वेगवेगळ्या हवामानात तपासायला हवी, हे त्या प्रकरणाने सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसवलं.

मुळामुठा

पुणेकरांसाठी: यातलं बरंच काही आपल्या शेजारी घडतं. इन्सासची रचना पाषाणच्या एआरडीईची, म्हणजे डीआरडीओच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेची. रात्री पाहण्याच्या साइटचं हृदय म्हणजे इमेज इंटेन्सिफायर ट्यूब, अंधुक प्रकाश हजारो पटींनी वाढवणारी. ती भोसरी एमआयडीसीत भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या ऑप्ट्रॉनिक कंपनीत बनते. जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झालेलं अस्मी हे ९ मिलिमीटरचं मशीन पिस्तूल लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांनी एआरडीईच्या सहकार्याने घडवलं. त्याच्या वरच्या बाजूला पूर्ण लांबीची रेल आहे, कुठलीही साइट बसवण्यासाठी. म्हणजे आता शस्त्राचा आराखडाच काच गृहीत धरून होतो.

शंकासुर

मग पुढची पायरी काय? ठिपका माणसाला मदत करतोय तोवर ठीक. पण ट्रिगरही यंत्रच दाबणार असेल तर?

अपवर्तन

@शंकासुर, ती पायरी आलेली आहे. २०१३ मध्ये टेक्सासच्या ट्रॅकिंगपॉइंट कंपनीने एक रायफल विकायला काढली. दुर्बिणीतून लक्ष्यावर खूण करायची, ट्रिगर दाबून धरायचा, आणि नळी हिशोबाने बरोबर रेषेत आली की गोळी आपोआप सुटते. अंतर, कोन, हवेचा दाब सगळं संगणक बघतो. वाऱ्याचा आकडा मात्र माणसाने द्यायचा. २०१५ मध्ये दोन संशोधकांनी तिच्या वायफायमधून शिरून हिशोबातले आकडे बदलता येतात, हे दाखवून दिलं.

त्याच जातीची इस्रायली स्मॅश २००० प्लस ही साइट भारतीय नौदलाने डिसेंबर २०२० मध्ये मागवली, मुख्यतः ड्रोन पाडायला. कॅमेऱ्यात ड्रोन पकडायचं, ट्रिगर दाबून ठेवायचा, आणि लागण्याची शक्यता असेल तेव्हाच गोळी सोडली जाते. उडत्या, वळत्या, हातभर आकाराच्या वस्तूला रायफलने मारणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं आहे, तिथे ही मदत मला रास्त वाटते. अमेरिकी लष्कराने जानेवारी २०२२ मध्ये एक्सएम१५७ या साइटचं कंत्राट दिलं, तिच्यात १ ते ८ पट दुर्बीण, लेझरने अंतर मोजणं आणि गोळीच्या घसरणीचा हिशोब एकत्र आहे. तिथे गोळी मात्र सैनिकच सोडतो.

मी त्या शेवटच्या व्यवस्थेच्या बाजूने आहे. ड्रोनवर गोळी संगणकाने सोडली तर माझी हरकत नाही. माणसावर सोडायची की नाही, हे माणसानेच ठरवावं.

निवृत्त पायदळ

@अपवर्तन, पूर्ण सहमत. गोळी ज्याच्या बोटाने सुटते त्याला जबाबदारी टाळता येत नाही, आणि ती टाळता येऊही नये.

कांदेपोहे

विरुद्ध बाजू मांडतो. कंपाउंड तिरंदाजीत भिंग चालतं, लेव्हल चालते, प्रत्यंचा सोडायला रिलीझ यंत्र चालतं. म्हणून काय आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेचं आणि साताऱ्याच्या अदिती स्वामीचं २०२३ चं बर्लिनमधलं जगज्जेतेपद कमी मोलाचं झालं का? आता तर कंपाउंड २०२८ च्या ऑलिंपिकलाही येतंय. मग नेमबाजीत एवढा कडकपणा कशासाठी? नवीन पोरांना वेगवान खेळ आवडतो. ठिपका आणा, प्रेक्षक येतील.

राधानगरी रोड

@कांदेपोहे, अदिती आणि ओजसबद्दल तुम्ही लिहिलंत त्याच्याशी पूर्ण सहमत, दोघांचं कौशल्य निखळ आहे. पण त्याच उदाहरणातली एक गोष्ट बघा: कंपाउंड आणि रिकर्व्ह हे दोन वेगळे प्रकार आहेत. रिकर्व्हमध्ये भिंग आणलं नाही, त्याच्या शेजारी दुसरा खेळ उभा केला. आणि कंपाउंडच्या धनुष्यावरही इलेक्ट्रॉनिक काही चालत नाही.

नेमबाजीतही असाच वेगळा प्रकार झाला तर मी स्वागत करेन, मुलांना तयारही करेन. आहे त्या प्रकारात मात्र ठिपका नको. याचं कारण परंपरा नाही. १० मीटर रायफलची परीक्षाच ही आहे की एका कडीत एक गोल मध्यभागी आणताना शरीर, श्वास, बोट आणि मन किती शांत ठेवता येतं. क्वालिफिकेशनला ६० शॉट, जास्तीत जास्त ६५४ गुण, आणि आज ६३० च्या आसपास मारूनही फायनलची खात्री नसते. इतक्या बारीक फरकात साइटची किंमत आणि दर्जा शिरला, तर ज्याच्याकडे पैसे त्याचा फायदा. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या मुलांच्या घरी रायफल घेणंच परवडत नाही, क्लबच्या रायफलवर आळीपाळीने सराव होतो. साइट साधी आहे म्हणूनच कांबळवाडीचा मुलगा पॅरिसला पोहोचला, असं मी म्हणणार नाही, त्याच्यामागे त्याचे आईवडील, प्रशिक्षक आणि वर्षांची मेहनत आहे. पण साइट महाग असती तर त्या वाटेवर आणखी एक भिंत असती.

चिंच गुळाची

ताई, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून लिहायचं धाडस केलं. मुलगी नववीत आहे, वर्षभर एअर रायफल करते. सरांनी स्कॅट घ्यायला सुचवलं. तेही इलेक्ट्रॉनिकच ना? ते चालतं का, आणि एवढा खर्च आत्ता करावा का?

राधानगरी रोड

@चिंच गुळाची, स्कॅट ही साइट नाही, ते सरावाचं यंत्र आहे, म्हणून सरावात चालतं. स्पर्धेत लावायचं नसतं. नळीवर एक छोटा कॅमेरा बसतो, तो टार्गेटकडे बघतो आणि नळीचं तोंड सेकंदासेकंदाला कुठे फिरतंय ते संगणकावर रेषेने काढतो. शॉट सुटायच्या आधीचा शेवटचा सेकंद वेगळ्या रंगात दिसतो. त्या रंगात खरी गोष्ट कळते. रेष मध्याजवळ लहान गोळ्यासारखी राहिली तर होल्ड चांगला. रेष शांत असताना शेवटच्या क्षणी एका बाजूला फेकली गेली तर ट्रिगरची चूक. रेष शॉटनंतर लगेच खाली पडली तर फॉलो थ्रू (शॉटनंतरही क्षणभर नेम धरून राहणं) नाही. पेलेट न मारता ड्राय सरावातही चालतं, म्हणजे घरच्या खोलीत भिंतीवर टार्गेट लावून काम होतं.

इलेक्ट्रॉनिक्सची मला खरी किंमत इथे वाटते. ते मुलीला तिची चूक दाखवतं आणि सुधारायचं काम तिच्यावर सोडतं. नंतर यंत्र काढलं तरी शिकलेलं तिच्याकडे राहतं.

पण नववीत, पहिल्याच वर्षी, स्वतःचं घेऊ नका. तुमच्या क्लबमध्ये किंवा जिल्ह्यात कुणाकडे असेल, महिन्यातून एकदा त्याच्यावर तपासणी करून घ्या आणि रेषांचे फोटो ठेवा. तोवर पैसे जॅकेट-पँट नीट मापाची करण्यात आणि डोळे तपासण्यात घाला. मापाचं जॅकेट नसेल तर स्कॅटवरची रेष पाहून उपयोग नाही, कारण ती जॅकेटचीच चूक दाखवत राहील. आणि वाढत्या वयाची मुलगी आहे, बट-प्लेट (खांद्याला टेकणारा भाग) आणि चीकपीस दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा लावून घ्या. उंची वाढली की गाल टेकायची जागा बदलते, आणि अपवर्तन सरांनी वर लिहिलंय तसा डोळा छिद्राच्या मध्यातून हलतो.

चिंच गुळाची

खूप खूप आभार ताई. बट-प्लेटचं कुणी सांगितलंच नव्हतं. गेल्या सहा महिन्यांत ती बरीच उंच झाली आहे. रविवारी सरांना सांगून आधी तेवढं करून घेते, स्कॅटचं पुढच्या वर्षी बघू.